कॉलेजात लागणारी डिजिटल कौशल्यं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाचे दिवस, शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आणि प्रकल्प जमा करायचा शेवटचा आठवडा, या तीन वेळी ग्रंथालयाच्या काउंटरवर आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात. सगळ्यात जास्त वेळा आलेले इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, पुढे किचकट. एकच गोष्ट दोनदा सांगण्यापेक्षा जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणं महाराष्ट्रातल्या कॉलेजांमधली आहेत.

१. मी शाळेपासून मोबाइल वापरतोय. मला हे सगळं वेगळं कशाला शिकायचं?

रील पाहणं, स्टेटस टाकणं, यूपीआयने चहाचे पैसे देणं यांतली वाट ॲप बनवणाऱ्यांनीच सोपी करून ठेवलेली असते. विद्यापीठाच्या कामात ती तशी नसते. २००१ साली मार्क प्रेन्स्की या अमेरिकी लेखकाने मांडलं की संगणकाच्या काळात जन्मलेल्या मुलांना ही भाषा उपजतच येते. कल्पना इतकी लोकप्रिय झाली की ‘तुम्हाला तर येतच असेल’ असं म्हणून शिकवायचंच राहून जातं. काउंटरवर रोज उलटं दिसतं.

स्वतःला तीन प्रश्न विचारून बघा. काल डाउनलोड केलेली फाइल आत्ता नेमकी कुठे आहे? ईमेलचा पासवर्ड विसरलात तर ओटीपी कोणाच्या नंबरवर जाईल? प्रकल्पात टाकलेला आकडा मुळात कोणी मोजला? तिन्ही उत्तरं चटकन आली, तर प्रश्न ८ पासून वाचलं तरी चालेल.

२. माझ्याकडे लॅपटॉप नाही. नुसत्या फोनवर पदवी पूर्ण होईल का?

होईल, पण काही कामं फोनवर करायच्या भानगडीत पडू नका. लॅपटॉप नसलेले तुम्ही एकटे नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या फक्त १०.७ टक्के घरांत संगणक होता. शहरी भागात २३.४ टक्के, ग्रामीण भागात ४.४ टक्के.

वाचन, नोट्स, स्कॅन, ईमेल, छोटे अर्ज, व्याख्यानं हे फोनवर छान होतं. अनुक्रमणिका आणि तळटिपा असलेला साठ पानांचा प्रकल्प, शंभर ओळींचा तक्ता आणि कोडिंग यांसाठी कॉलेजची लॅब वापरा. तिची फी तुम्ही भरलेली असते. फोनला ओटीजी जोडणीने (फोनला यूएसबी लावायची छोटी केबल) साधा कीबोर्ड लावता येतो, आणि लांब मजकूर टाइप करायला त्याने फार फरक पडतो. लॅबमध्ये किंवा घरच्या जुन्या संगणकावर परवान्याचं ऑफिस नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून व्हायरस ओढवून घेऊ नका.

३. फाइल डाउनलोड झाली म्हणतंय, पण सापडत नाही. कुठे जाते?

बहुतेक वेळा ‘डाउनलोड्स’ या फोल्डरमध्ये. अँड्रॉइड फोनमध्ये ‘फाइल्स’ नावाचं ॲप असतं, तिथे जाऊन तारखेप्रमाणे लावा. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल मात्र व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये पडते, आणि फोन बदलताना नेमकी तीच हरवते.

खरी अडचण नावाची असते. ‘डॉक्युमेंट १ फायनल नवीन’ अशा नावाच्या सात फाइल्स असल्या की सापडूनही उपयोग नसतो. सत्र, विषय, काम आणि तारीख असं नाव द्या. प्रत्येक सत्राचं एक फोल्डर करा आणि त्याची प्रत ड्राइव्हवर ठेवा. गूगल खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती ईमेल, फोटो आणि ड्राइव्ह यांच्यात वाटून असते. लग्नाचे व्हिडिओ ड्राइव्हवर गेले की परीक्षेच्या आठवड्यात ईमेल येणं बंद होतं.

४. अर्जात ‘फोटो ५० केबीपेक्षा कमी’ असं येतं. माझा फोटो ४ एमबीचा आहे. काय करू?

आधी फोटो कापून पासपोर्टच्या मापाचा करा, मग आकारमान कमी करा. नुसतं कापल्यानेही बरंच कमी होतं. विंडोजमधल्या ‘पेंट’मध्ये फोटोची लांबी-रुंदी घटवता येते, फोनवर त्यासाठी साधी ॲप्स आहेत. स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट काढू नका, चेहरा ओळखू येत नाही आणि अर्ज परत येतो. मार्कशीट, दाखला यांचा फोटो काढण्याऐवजी ड्राइव्ह ॲपमधला स्कॅनर वापरा. तो कडा सरळ करतो आणि थेट पीडीएफ बनवतो.

एक सावधगिरी. ‘फोटो लहान करा’, ‘पीडीएफ जोडा’ अशा अनोळखी संकेतस्थळांवर आधार कार्ड, बँक पासबुक चढवू नका. त्या प्रतीचं पुढे काय होतं ते तुमच्या हातात राहत नाही.

५. ड्राइव्हची लिंक पाठवली, पण मॅडम म्हणतात उघडत नाही.

तुमच्याकडे उघडते, कारण फाइल तुमची आहे. ‘शेअर’मध्ये जाऊन ‘लिंक असलेला कोणीही’ निवडा आणि अधिकार ‘पाहणे’ एवढाच द्या. ‘संपादन’ दिलंत तर गटातला कोणीही चुकून मजकूर पुसू शकतो. पाठवण्याआधी लिंक खासगी (‘इनकॉग्निटो’) विंडोमध्ये उघडून बघा, दुसऱ्याला काय दिसतं ते लगेच कळतं. कॉलेजच्या ईमेलवरून बनवलेल्या फाइलला कधी कधी बाहेरच्यांसाठी मुळातच बंदी असते. मग पीडीएफ थेट ईमेलला जोडा.

६. सरांना ईमेल कसा लिहायचा? मी व्हॉट्सॲपवर पाठवलं तर त्यांना चालत नाही.

विषयाची ओळ रिकामी सोडू नका. ‘एसवायबीए, मराठी, प्रकल्पाचा पहिला मसुदा’ एवढं पुरे. मजकुरात नमस्कार, तुमचं नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, काय हवं आहे आणि कधीपर्यंत, एवढंच लिहा. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिहा. चुकीच्या इंग्रजीपेक्षा नीट मराठी केव्हाही बरं, आणि बहुतेक प्राध्यापकांना ते आवडतंही. फाइल आधी जोडा, मग मजकूर लिहा, म्हणजे ‘सोबत जोडत आहे’ म्हणून काहीच न जोडण्याचा प्रकार होत नाही. सगळ्या वर्गाला एकदम पाठवताना पत्ते ‘बीसीसी’मध्ये टाका. प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला कळायची गरज नसते.

७. प्रकल्प मराठीत टाइप केला, पण दुसऱ्या संगणकावर उघडला की सगळं चित्रविचित्र दिसतं. असं का?

मराठी, इतिहास, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत वैतागवाणा प्रश्न आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे जुने फॉन्ट असं काम करायचे की संगणकाच्या लेखी तुम्ही रोमन अक्षरंच टाइप करत असता, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मुखवटा गळून पडतो आणि रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. असा मजकूर शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, ईमेलमध्ये चिकटवता येत नाही.

उपाय एकच : युनिकोड. फोनवर तुम्ही जे मराठी लिहिता ते युनिकोडच असतं. विंडोज १० आणि ११ मध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडली की कीबोर्ड मिळतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. दोन पर्याय आहेत. ध्वनीवर चालणाऱ्या कीबोर्डात रोमन अक्षरांत उच्चार लिहायचा आणि देवनागरी मिळते, हे पहिल्याच दिवशी जमतं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे असतात, हात बसायला काही आठवडे जातात, पण नंतर वेग भरपूर मिळतो. एमए, पीएचडी करायची असेल किंवा पुढे अनुवाद, पत्रकारिता असं काही डोक्यात असेल, तर इनस्क्रिप्टच शिका असं माझं मत आहे.

‘पुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ अडतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘जे’ची कळ, मग ‘डी’ची कळ, मग य, असं केलं की तो बरोबर उमटतो. साध्या र ने ‘वार्यावर’ होतं, आणि परीक्षक तिथे लाल खूण करतात.

घरी वडिलांकडे किंवा डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात. पण रूपांतरानंतर प्रत्येक ओळ वाचा. जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. जमा करायची प्रत नेहमी पीडीएफ करून द्या.

८. सर्वेक्षणाची माहिती एक्सेलमध्ये भरली. क्रम लावल्यावर नावं एकीकडे आणि उत्तरं दुसरीकडे गेली. परत येईल का?

फाइल अजून बंद केली नसेल तर ‘अनडू’ करा. बंद केली असेल आणि ती गूगल शीट्समध्ये असेल, तर ‘व्हर्जन हिस्टरी’तून आधीची प्रत मिळेल. संगणकावरची एकुलती एक फाइल असेल तर बहुधा नाही. एकच स्तंभ निवडून क्रम लावला की तेवढाच हलतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. क्रम लावताना पूर्ण तक्ता निवडा, आणि मूळ माहितीची एक प्रत कधीच हात न लावता बाजूला ठेवा.

आकड्यांचे आणखी दोन सापळे. शून्याने सुरू होणारा क्रमांक टाकला की ते शून्य गायब होतं. आणि एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा नेमका धरतं. काही विद्यापीठांचा पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक, १६ अंकी असतो, तो तसाच टाकला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. परीक्षा अर्जाच्या यादीत असं झालं तर काय गोंधळ उडेल ते सांगायला नको. टाइप करण्याआधी त्या स्तंभाचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. नंतर केलात तर गेलेला अंक परत येत नाही.

९. डिजिलॉकर, एबीसी आणि अपार हे सगळं एकच आहे का?

एक नाही, पण एकमेकांना जोडलेलं आहे. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, ती कागदपत्रं ठेवायची सरकारी जागा. एबीसी म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. तिचे नियम यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२१ मध्ये आणले. तुम्ही मिळवलेली श्रेयांकं त्यात जमा होतात, म्हणजे कॉलेज बदललं किंवा मध्येच शिक्षण थांबवलं तरी ती वाया जाऊ नयेत. नियमांप्रमाणे श्रेयांकं जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. अपार हा विद्यार्थ्याचा १२ अंकी कायमचा ओळख क्रमांक.

सर्वाधिक अर्ज अडतात ते नावामुळे. आधारवर ‘आडनाव-नाव-वडिलांचं नाव’, दहावीच्या मार्कशीटवर वेगळा क्रम, कॉलेजच्या नोंदीत इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींचा घोळ आणखी मोठा. पहिल्याच वर्षी बसून सगळीकडे एकच नाव करून घ्या. पदवीच्या वेळी धावपळ करण्यात अर्थ नाही.

१०. डिजिलॉकरमधली मार्कशीट दाखवली, तरी ‘मूळ प्रत आणा’ म्हणतात. ते बरोबर आहे का?

तुम्ही काय दाखवलंत त्यावर आहे. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात. ‘इश्यूड’मध्ये मंडळाने किंवा विद्यापीठाने स्वतः पाठवलेलं कागदपत्र असतं. २०१६ च्या डिजिटल लॉकर नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने त्याला मूळ कागदाच्या बरोबरीचा दर्जा दिला आहे. ‘अपलोडेड’मध्ये तुम्ही स्वतः काढून चढवलेला फोटो असतो, त्याला झेरॉक्सपेक्षा जास्त किंमत नाही. बरेच जण दुसरं दाखवून पहिल्याचा हक्क सांगतात.

कागदपत्र ‘इश्यूड’ असूनही कोणी अडवत असेल तर नम्रपणे नियम सांगा आणि नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की बऱ्याच वेळा काम होतं. प्रवेश निश्चित करताना मात्र शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज जमा करून घेतं, ती प्रक्रियाच वेगळी आहे.

११. शिष्यवृत्तीचा अर्ज नेट कॅफेतल्या दादांनी भरला. आता ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जातो. काय करावं?

हा प्रश्न दर वर्षी इतक्या जणांकडून येतो की त्याचं उत्तर प्रवेशाच्या फलकावर लावायला हवं. गर्दीच्या दिवसांत कॅफेवाला वेळ वाचवण्यासाठी स्वतःचा नंबर, स्वतःचा ईमेल आणि सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड टाकतो. त्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण त्या क्षणापासून खातं त्याचं होतं, तुमचं नाही. पुढच्या वर्षी दुकान बंद झालं किंवा त्याने सिम बदललं की नूतनीकरणाचा अर्ज अडतो.

आत्ताच कॅफेत जा, ओटीपी घेऊन लॉगिन करा आणि मोबाइल, ईमेल, पासवर्ड तिन्ही बदला. कॅफेवाला सापडत नसेल तर महाडीबीटीवर (राज्य शासनाचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) आधारच्या मार्गाने प्रवेश होतो का ते पाहा. त्यासाठी आधारला तुमचा चालू नंबर जोडलेला हवा, नसेल तर आधार केंद्रावर जाऊन बदला. तेही जमलं नाही तर कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागामार्फत तक्रार नोंदवा.

कॅफेत अर्ज भरायला काहीच हरकत नाही. फोन आणि पासवर्ड तुमचा ठेवा, पासवर्ड स्वतः टाइप करा, निघताना लॉगआउट करा आणि तिथल्या ‘डाउनलोड्स’मधून तुमचं आधार पुसा.

१२. अर्ज मंजूर दिसतो, पण शिष्यवृत्ती दिलेल्या खात्यात आली नाही. पैसे कुठे गेले?

बहुधा तुमच्याच दुसऱ्या खात्यात. आधारवर आधारित रक्कम अर्जातला खाते क्रमांक बघत नाही. आधारशी शेवटचं जे बँक खातं जोडलं गेलं आहे, तिथे ती जाते. मध्यंतरी तुम्ही पेमेंट बँकेचं खातं उघडलं असेल आणि तिथे ‘अनुदान या खात्यात घ्यायचं’ यावर टिक केली असेल, तर पैसे तिथे असतात. कित्येकांना ते खातं आठवतही नसतं. कोणती बँक जोडली आहे ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर दिसतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार जोडणीचा अर्ज द्या.

१३. गूगलवर पहिलं येतं ते खरं मानायचं का? विकिपीडिया चालतो का?

पहिलं येणारं बऱ्याचदा जाहिरात असतं. ‘प्रायोजित’ हा बारीक शब्द बघा. कॉलेज, कर्ज, नोकरी शोधताना तर जास्तच.

अनोळखी पान तपासायची चांगली रीत अशी : त्या पानावर खोल शिरण्याऐवजी नवा टॅब उघडा आणि ते पान चालवणाऱ्याबद्दल दुसरे काय म्हणतात ते पाहा. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग यांच्या गटाने पाहिलं की व्यावसायिक तथ्य-तपासनीस असंच करतात, आणि हुशार विद्यार्थी, अगदी इतिहासाचे प्राध्यापकसुद्धा, देखण्या पानाला फसतात. पत्त्याकडेही बघा. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ सरकारलाच आणि ‘डॉट एसी डॉट इन’ शिक्षणसंस्थांनाच मिळतं. तेवढ्यावर मजकूर खरा ठरत नाही, पण कोण बोलतंय ते कळतं. संस्थेच्या मान्यतेबद्दल शंका असेल तर यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करते, ती पाहा.

विकिपीडिया सुरुवातीला वाचा, प्रकल्पात उद्धृत करू नका. त्याचा खरा उपयोग पानाच्या तळाशी आहे : तिथल्या संदर्भांवरून मूळ लेखापर्यंत जाता येतं. मराठी विषयांसाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, आणि तिथल्या नोंदी त्या त्या विषयातल्या माणसांनी लिहिलेल्या आहेत. शोध घेताना मराठी आणि इंग्रजी दोन्हींत घ्या, निकाल अगदी वेगळे येतात.

१४. हवा तो संशोधन लेख उघडायला चाळीस डॉलर मागतात. फुकट मिळेल का?

पैसे भरू नका, आधी ग्रंथालयात विचारा. केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली आणि २०२५ पासून सुरू आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. सरकारी विद्यापीठं आणि कॉलेजं तिच्यात आहेत. अनुदानित कॉलेजांना ‘एन-लिस्ट’ या ऑनलाइन नियतकालिकं-पुस्तकांच्या सोयीची सदस्यता घेता येते आणि ग्रंथपाल तुम्हाला लॉगिन करून देतात. वर्षानुवर्षं कोणी मागितलंच नाही म्हणून ते वापराविना पडून असल्याचं मी पाहिलं आहे.

भारतातले पीएचडी प्रबंध ‘शोधगंगा’वर खुले आहेत, मराठीतले भरपूर. मराठी साहित्यावर काम करणाऱ्याने तिथे न डोकावता विषय ठरवू नये, तुमच्या विषयावर आधीच तीन प्रबंध असू शकतात. पुस्तकांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. एवढं करूनही लेख मिळाला नाही तर लेखकाला चार ओळींचा ईमेल करा (कसा, ते प्रश्न ६ मध्ये). बरेच लेखक प्रत पाठवतात.

१५. चॅटजीपीटीने दिलेली पुस्तकं आणि लेख कुठेच सापडत नाहीत. मी नीट शोधत नाही का?

शोध नीट आहे, पुस्तकंच नाहीत. ही साधनं पुढचा शब्द काय येईल याचा अंदाज बांधत मजकूर तयार करतात. लेखकाचं नाव, वर्ष, नियतकालिक सगळं शोभेल असं जुळवलं जातं आणि खोटं असतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे सादर केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते. ५,००० डॉलर दंड झाला. मराठीत हा धोका जास्त जाणवतो, कारण महाजालावर मराठी मजकूर कमी आहे. संतांच्या नावावर न लिहिलेले अभंग, कवींच्या नावावर भलत्याच कविता हे तर नेहमीचंच.

वापरायचं असेल तर कठीण परिच्छेद समजून घ्यायला, प्रश्नावलीतली त्रुटी शोधायला, एक्सेलचं सूत्र विचारायला वापरा. संदर्भ मात्र स्वतः उघडून, पान बघूनच द्या.

१६. मी स्वतः लिहिलेला निबंध एआयने लिहिलाय असं सॉफ्टवेअर दाखवतंय. आता काय?

घाबरू नका. ही ओळखणारी साधनं भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या साध्या, सरळ इंग्रजीवर ती जास्त वेळा खोटा आळ घेतात असंही दिसून आलं आहे. तुमच्याकडे पुरावा हवा : गूगल डॉक्समधला बदलांचा इतिहास, हाताने काढलेल्या नोंदी, आधीचे मसुदे. ते दाखवा आणि ‘सर, तोंडी प्रश्न विचारा’ म्हणा. ज्याने लिहिलंय त्याला उत्तरं येतात.

आणि एआयने खरंच लिहून दिलं असेल तर वरचं काहीच उपयोगाचं नाही.

१७. सॉफ्टवेअरने तपासल्यावर माझ्या प्रबंधाचं इतर मजकुराशी साम्य १० टक्क्यांच्या आत आलं. म्हणजे चोरी नाही ना?

तसं नाही. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत प्रबंधांसाठी चार पातळ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. अवतरणचिन्हांत, संदर्भ देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची यांतून वगळतात. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही वगळतात.

पण सॉफ्टवेअर साम्य मोजतं, चोरी नाही. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून स्वतःच्या नावावर दिला तर साम्य शून्य येऊ शकतं, आणि ती धडधडीत चोरीच आहे. उलट, वरचं वगळणं नीट झालं नसेल तर कायद्याची कलमं किंवा ओव्या उद्धृत करणाऱ्या प्रामाणिक प्रबंधात आकडा फुगतो. तेव्हा अहवालात कोणत्या ओळी रंगवल्या आहेत ते मार्गदर्शकांसोबत बसून पाहा. ‘टक्केवारी कमी करून देऊ’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. ते शब्द फिरवतात आणि वाक्यांचा अर्थ जातो.

१८. टेलिग्रामवर घरबसल्या कामाची ऑफर आहे. खरी कशी ओळखायची?

काम देणारा कामासाठी पैसे मागत नाही. नोंदणी फी, सामानाची अनामत, ‘टास्क’ उघडण्यासाठी रक्कम, काहीही मागितलं की तिथेच थांबा. सुरुवातीला दीडदोनशे रुपये खरोखर देतात, विश्वास बसावा म्हणून. यूपीआयमध्ये पैसे घेताना पिन लागत नाही. ‘पैसे मिळवण्यासाठी’ पिन टाका म्हटलं की ते तुमचे पैसे काढताहेत.

याहून वाईट प्रकार वसतिगृहांतल्या मुलांच्या वाट्याला येतो : ‘तुझं बँक खातं फक्त वापरायला दे, महिन्याला काही हजार देतो.’ त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. पोलिसांचा माग आधी खातेदारापर्यंत येतो, खातं गोठवलं जातं आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करण्यात वर्षं जातात. मित्राने मागितलं तरी देऊ नका.

१९. पैसे गेले. पोलिसांत जाऊ की बँकेत?

आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन, लगेच, दहा मिनिटांच्या आत जमलं तर उत्तम. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी थांबवता येण्याची शक्यता तेवढीच असते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. मग बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणून फोन करणारे बहुधा त्याच टोळीचे असतात.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून लाजेपोटी घरच्यांपासून लपवण्यात वेळ घालवू नका.

२०. माझा फोटो बदलून अश्लील बनवलाय आणि पैसे मागताहेत. घरी सांगायची हिंमत नाही.

पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. संभाषण पुसू नका. स्क्रीनशॉट, खात्याचं नाव आणि लिंक जपून ठेवा, मग त्या खात्याची तक्रार करून त्याला ब्लॉक करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सेवा तुमच्याच फोनवर त्या फोटोचा सांकेतिक ठसा बनवते आणि सहभागी समाजमाध्यमं त्यावरून तो फोटो अडवतात, फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. ही सेवा १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. प्रथम वर्षातले अनेक जण १७ वर्षांचे असतात, त्यांच्यासाठी ‘टेक इट डाउन’ आहे. एखाद्या विश्वासू मॅडमना, ताईला, मैत्रिणीला सोबत घ्या. यात तुमची काहीही चूक नाही.

२१. एमएस-सीआयटी करावं की स्वयमवरचा कोर्स?

राज्य शासनाच्या नोकरीचा विचार असेल तर एमएस-सीआयटी करून टाका, अनेक पदांच्या अटींत ते असतं. नोकरीचा विचार नसेल आणि प्रश्न ३ ते ८ मधलं जमत असेल, तर त्यातून नवीन फार मिळणार नाही. स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ, तिथले कोर्स शिकायला फुकट आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी आहे. यूजीसीच्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांकं स्वयममधून घेता येतात, पण तो कोर्स तुमच्या विद्यापीठाने मान्य केलेला हवा. नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. कोर्स पूर्ण करून मग ‘हे धरत नाही’ ऐकणारे दर सत्रात भेटतात.

२२. पदवी झाली. कॉलेजचा ईमेल बंद होणार म्हणतात. त्यातलं सगळं जाईल का?

खातं संस्थेचं असतं, ते कधी बंद करायचं हे संस्था ठरवते. निकालाची वाट बघत बसू नका. ‘गूगल टेकआउट’ने ईमेल आणि ड्राइव्हची प्रत उतरवून घ्या. संस्थेने ती सोय बंद केली असेल तर फाइल्स हाताने स्वतःच्या खात्यात हलवा. नुसतं शेअर करून ठेवू नका, मूळ खातं गेलं की शेअर केलेली फाइलही जाते. मग ज्या ज्या ठिकाणी तो ईमेल नोंदवला आहे, म्हणजे स्वयम, नोकरीची संकेतस्थळं, स्पर्धा परीक्षांचे अर्ज, तिथे बदला. स्वतःचं जुनं गूगल खातंही दोन वर्षं न उघडल्यास गूगल ते पुसू शकतं, तेव्हा त्यात मधून मधून लॉगिन करत राहा.